संत्र्याचा पैसा कुठं राहायला जातो?

नरखेड तालुक्यात पैसा आहे की नाही, यावर वाद घालायचं कारण नाही. जलालखेड्याहून भारसिंगीकडे जा, मोवाडहून नरखेडकडे या. दोन्ही हातांना संत्रा-मोसंबीचे बगीचे, मधूनच नव्या स्लॅबचं दुमजली घर आणि त्याच्या दारात चारचाकी. वर्धा नदीच्या पलीकडे वरूड, वर मध्यप्रदेशातलं पांढुर्णा, खाली काटोल. या टापूत संत्र्यानं दोन-तीन पिढ्यांना पक्की घरं दिली, मुलींची थाटाची लग्नं लावली, पोरांच्या इंजिनिअरिंगच्या फिया भरल्या. वाद आहे तो पुढच्या गोष्टीवर. पैसा हाती आल्यावर संसार मांडायचा, लेकरं वाढवायची, म्हातारपण काढायचं ते इथं, की नागपूरच्या कडेला उगवलेल्या नव्या वस्त्यांत?

हा वाद आमच्या घरात दर दिवाळीला होतो. एका बाजूला मामा. नरखेडचे, बगीचावाले, कृषी पदवीधर, आणि ‘शहर’ म्हटलं की ज्यांच्या कपाळावर आठी चढते असे. दुसऱ्या बाजूला माझी मोठी बहीण. तिची नोकरी नागपूरच्या मिहानमध्ये, घर शहराच्या कडेला बेशाला, एका मोठ्या फ्लॅट स्कीममध्ये सहाव्या मजल्यावर. मी मध्ये फारसा बोलत नाही. इथंही जमेल तेवढं कमी बोलेन.

मामा : तुझे पोट्टे शाळेत कसे जातात, बाई?

ताई : व्हॅननं. पावणेसातला गेटवर उभं राहावं लागतं.

मामा : आणि खेळतात कुठं?

ताई : स्कीममध्येच गार्डन आहे ना. झोके, घसरगुंडी, स्केटिंगला जागा. संध्याकाळी सहा ते आठ.

मामा : सहा ते आठ! आम्ही बगीच्याला ठिबकचं पाणी सोडतो तसा तुम्ही पोरांना खेळ सोडून राहिले. टायमर लावून.

ताई : हसा. पण त्या वेळात मी ऑफिसात असते आणि माझ्या जिवाला घोर नसतो. गेटवर माणूस आहे, कॅमेरा आहे, पाळणाघर तळमजल्यावर आहे. धाकटीला ताप आला तर बालरोगतज्ज्ञ दहा मिनिटांवर. एम्स अर्ध्या तासात. तुमच्याकडे रात्री अकराला लेकरू फणफणलं तर काय करता?

मामा : गाडी काढतो.

ताई : कुठं नेता?

मामा : काटोलला. नाही जमलं तर नागपूरला.

ताई : म्हणजे शेवटी माझ्याच गावाला येता.

हा डाव ताईचा. नरखेड ते नागपूर साधारण नव्वद किलोमीटर. तालुक्याचं ठिकाण, नगरपरिषद, दिल्ली-चेन्नई मुख्य रेल्वेमार्गावरचं जंक्शन, अमरावतीकडून येणारा १३८ किलोमीटरचा नवा मार्गही इथंच मिळालेला. इतकं असून अवघड दुखण्याला उत्तर एकच, गाडी काढा. मिहानच्या एम्सचं २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाच्या पहिल्या टप्प्यासोबतच लोकार्पण झालं. बेशाच्या माणसाला ते शेजारचं वाटतं. मोवाडच्या माणसाला ते पेपरातलं वाटतं.

पण मामा एवढ्यावर गप्प बसणारे नव्हेत.

मामा : दवाखाना रोज लागत नाही. माणसं रोज लागतात. माझा नातू सकाळी सायकल घेऊन निघतो तो कुणाकडे नाश्ता करतो, कुणाच्या बगीच्यात हिंडतो, मला माहीतही नसते. पण गावाला माहीत असते. कुठं पडला-झडला तर माझ्याआधी चार जण पोहोचतात. तुझ्या स्कीममध्ये समोरच्या फ्लॅटवाल्याचं नाव तरी सांग.

ताई : (थोडं थांबून) पाटीवर आडनाव आहे.

मामा : बस्स.

ताई : थांबा, मामा. नातवाचं झालं. नातीचं सांगा. ती सायकल घेऊन किती वाजेपर्यंत हिंडते?

मामा : ती... पोरगी आहे बाप्पा.

ताई : तेच विचारते आहे. सारं गाव ओळखते म्हणजे सारं गाव पाहून राहिलं असते. मी आठवीत असताना तुमच्याकडे सुट्टीला यायची तेव्हा स्टेशनच्या रस्त्यानं एकटी गेले, तर घरी पोहोचायच्या आत मामीला तीन बायकांनी सांगितलं होतं. तुम्ही ज्याला माया म्हणता, त्याचा जाच आम्हाला होतो. माझी मुलगी रात्री साडेआठला खाली उतरून मैत्रिणीकडे जाते, आणि तिला कोणी काही विचारत नाही. शेजाऱ्याला माझं नाव माहीत नाही, याचे काही फायदेही असतात.

मामांनी यावर सुपारी कातरली. मुलांना वाढवायला गाव चांगलं, असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मुलगाच असतो, हे माझ्याही लक्षात तेव्हाच आलं. कुटुंबवत्सल म्हणवणाऱ्या कुठल्याही वस्तीला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे : इथं तेरा वर्षांची मुलगी संध्याकाळी सातला कुठं असते? अंगणात, मैदानात, वाचनालयात, की घरात?

विषय मग पाण्यावर गेला, आणि तिथं दोघांचं जमलं. मामांच्या वडिलांच्या काळी विहिरीवर मोट होती. मामांची बोअर आठशे फुटांखाली गेली आहे. वरूड-मोर्शी-नरखेडच्या पट्ट्यात भूजल किती उपसलं गेलं, हे सांगायला अहवाल लागत नाही, प्रत्येक बगीचावाल्याकडे स्वतःचा आकडा असतो. ताईच्या स्कीममध्ये मार्चपासून टँकर येतो; क्लब हाऊस आहे, जलतरण तलाव आहे, पण तलावात मे महिन्यात पाणी नसतं. बेसा, पिपळा, बेलतरोडी ही कालपरवापर्यंत शेतीची गावं. तिथं आधी ले-आउट पडले, मग प्लॉट विकले गेले, मग इमारती चढल्या. गटार आणि नळ शेवटी.

मामा : म्हणजे आम्ही झाडाला पाजून संपवलं, तुम्ही फ्लशमध्ये घालून संपवून राहिले.

ताई : हो. पण मला एक सांगा, एवढं सगळं वाईट आहे तर तुम्ही बेशाला प्लॉट काहून घेतला?

घरात क्षणभर शांतता. प्लॉटची गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण दिवाळीत काढायची नाही असं ठरलेलं होतं.

मामा : नातू पुढल्या वर्षी अकरावीत जाईल. क्लास नागपुरात आहे. सून त्याच्यासोबत राहील. पोरगा इथं बगीचा पाहील. किराया देण्यापेक्षा...

ताई : म्हणजे सून बेशाला, मुलगा नरखेडला, तुम्ही आणि मामी वाड्यात.

मामा : शनिवारी तो गाडीनं जाईल, सोमवारी परत येईल. आजकाल सगळेच करून राहिले.

सगळेच करून राहिले, हे खरं आहे. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या बऱ्या घरात आज एक चूल गावात आणि एक नागपुरात असते. आधी मोठ्या मुलासाठी खोली केली जाते, मग धाकटी येते, मग त्यांच्या मागे आई येते, मग म्हातारीच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर तिथंच म्हणून तीही येते. गावात उरतो तो बगीचा आणि तो पाहणारा एक पुरुष. मुलं गेली की गावातल्या शाळेतला तो वर्ग रिकामा होतो. आणि ज्यांची मुलं शाळेत नाहीत, ते शाळेच्या सभेला येत नाहीत. मामा नरखेडची बाजू लढवत होते, पण नरखेडच्या शाळेची बाजू घ्यायचं त्यांना आता काही कारण उरलं नव्हतं.

ताई : माझे दीर न्यू जर्सीत राहतात. तिथं काय आहे माहीत आहे? गावातली सरकारी शाळा चालते ती मोठ्या प्रमाणात त्याच गावच्या घरपट्टीवर. घरपट्टी जबर. पण ती भरणारा प्रत्येक माणूस शाळेच्या बोर्डाला जाब विचारतो, कारण पैसा त्याचा आणि पोरगाही त्याचा. म्हणून त्या गावांत लोक संसार मांडायला जातात. चांगली शाळा, बाग, वाचनालय. पैसा गावाबाहेर जात नाही.

मामा : आणि ज्याला ते महागाचं घर परवडत नाही त्याचं पोट्टं?

ताई : ते दुसऱ्या गावात. तिथली शाळा तितकी चांगली नसते.

मामा : मग शाळा चांगली राहावी म्हणून घर महाग, आणि घर महाग राहावं म्हणून शाळा चांगली. गरीब बाहेर. छान आहे की.

मामांनी इथं नेमकं वर्मावर बोट ठेवलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ पासून बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन उभारलं गेलं. चार-पाच वर्षांत एकासारखी एक सतरा हजारांवर घरं. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना स्वस्तात अंगण, गवत, मुलांना सायकल फिरवायला रस्ते. अमेरिकेतल्या सुखवस्तू उपनगराचा नमुनाच तो. आणि त्याच्या सुरुवातीच्या करारांत लिहिलेलं होतं की गोऱ्यांखेरीज कोणी तिथं राहायचं नाही. कुटुंबांसाठी गाव, पण कुणाच्या कुटुंबांसाठी, हे कागदावर स्पष्ट होतं. आपल्याकडे तसं कुणी लिहीत नाही. ताईच्या स्कीममध्ये कामाच्या बायकांना ओळखपत्र गळ्यात घालून यावं लागतं, आणि त्यांची लेकरं झोक्यावर बसली तर वॉचमन उठवतो. नरखेडही सोवळं नाही. संत्र्याच्या तोडीला मध्यप्रदेशाकडून मजूर येतात, कुटुंबासह येतात, बगीच्यात झोपतात. त्यांच्या मुलांच्या शाळेचं नाव मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मामा : बरं, घरपट्टीचं म्हणतेस. आमच्या नगरपरिषदेची घरपट्टी किती, माहीत आहे का?

ताई : किती असेल?

मामा : माझ्या वाड्याची वर्षाची घरपट्टी आणि तुझा महिन्याचा मेंटेनन्स, यात तुझा मेंटेनन्स मोठा निघेल.

ताई : मग तोच तर माझा मुद्दा आहे! बगीच्याच्या सौद्यात लाखो रुपये येतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. घरपट्टी नावापुरती. मग तो पैसा गावाच्या कामी लागणार कोणत्या वाटेनं? लागतो तो माझ्या बिल्डरच्या कामी.

मामा : म्हणजे शेतकऱ्यावर कर लावता?

ताई : मी तसं म्हटलं का? मी म्हणते, वाटच नाही.

मामा : वाट नाही कारण भरवसा नाही. ऐक आता. आंबियाचा बहार धरायचा म्हणजे डिसेंबरात झाडाला ताण द्यायचा, जानेवारी-फेब्रुवारीत फूल, आणि मग ऑक्टोबरपर्यंत देवावर हवाला. जुलै-ऑगस्टमध्ये गळती लागली की सकाळी झाडाखाली हिरवी फळं पसरलेली. त्यातून तगलं तर भाव. आमचा मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. २०१९ मध्ये किलोला वीस रुपये आयात शुल्क होतं, २०२३ पर्यंत ते अठ्ठ्याऐंशीवर गेलं. माल नागपूरच्या कळमना बाजारात पडून राहिला. चुरी, म्हणजे बारीक फळ, तर कोणी उचलेना. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही पेढे वाटले. मानांकनानं फळ देठाला धरून राहत नाही. म्हणून एखादं वर्ष चांगलं आलं की शेतकरी पैसा हलवतो. फळ गळते, प्लॉट गळत नाही.

संपूर्ण वादातलं मला पटलेलं हे सगळ्यात सरळ कारण. बगीचावाल्याची श्रीमंती पगारदारासारखी महिन्याच्या एक तारखेला येत नाही. ती एका वर्षी येते, दोन वर्षं दडी मारते. अशा पैशाला आधी भिंत शोधावीशी वाटते, आणि भिंत नागपुरात आहे. यात लोभ कमी आणि भीती जास्त.

ताईनं मग मगरपट्ट्याचं उदाहरण काढलं. हडपसरला मगर कुळातल्या आणि आसपासच्या सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांहून अधिक जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्यानं विकण्याऐवजी एकत्र केली आणि २००० च्या सुमारास स्वतःच नगर वसवायला घेतलं. ज्याची जितकी जमीन, त्याचा तितका हिस्सा. घरं, शाळा, दवाखाना, बाग आणि आयटी कंपन्यांची कार्यालयं. शेतकऱ्याचा मुलगा त्याच गावात राहिला आणि त्याच गावात कंत्राटदार झाला.

मामा : पुणे त्यांच्या बांधापर्यंत चालत आलं होतं. नरखेडला नागपूर किती वर्षांनी येईल? काटोललाच पोहोचू दे आधी.

ताई : नागपूर येईपर्यंत थांबायचं कशाला?

मामा : मग काय करायचं? १९९१ ला मोवाड वाहून गेलं. ३० जुलैला. वर्धेचा पूर, दोनशेवर माणसं गेली. मी तेव्हा पंचविशीत होतो, तिथं जाऊन चिखल उपसला आहे. घर, शाळा, बाजार सगळं गेलेलं गाव, पुढं नव्या जागेवर पुन्हा बसवलं. आता मला कोणी म्हटलं की या लोकांना गाव करता येत नाही, तर मी ऐकणार नाही.

ताई : ते संकट होतं. संकटात आपण सगळे उठतो. चांगल्या दिवसांत उठायचं कसं, ते आपल्याला जमत नाही. संत्र्याला भाव चांगला मिळाला त्या वर्षी नरखेडमध्ये काय झालं? गाड्या आल्या, लग्नं झाली, प्लॉट घेतले गेले. वाचनालयात एक तरी खुर्ची आली का?

मामा : सप्ताह झाला. भंडारा झाला. पंचक्रोशी जेवली.

ताई : तीच तर वर्गणी, मामा! ती गोळा होते, हे सिद्ध झालं ना? एका हाकेला कणकीची पोती, तेलाचे डबे, ट्रॅक्टर, माणसं. आणि हिशेबही चोख.

माझ्या मते दोघांच्या बोलण्यातला खरा धागा इथं होता. या मुलखात सार्वजनिक कामाला पैसा देण्याची सवय नाही असं नाही. अमरावतीकडच्या गाडगेबाबांनी लोकांच्या वर्गणीतूनच धर्मशाळा उभ्या केल्या, शाळांना हात दिला. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी गाव कसं असावं यावर आख्खा ग्रंथ लिहिला आणि तो अजून इथल्या घरोघरी वाचला जातो. त्या परंपरेतलं भोजन आपण ठेवलं, बांधकाम सोडून दिलं. बेशाला माणूस महिन्याला मेंटेनन्स भरतो, कारण न भरला तर लिफ्ट बंद पडते. नरखेडला लिफ्ट नाही, त्यामुळे काय बंद पडलं ते दिसायला दहा वर्षं लागतात.

मामांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. प्लॉटही त्यांनी परत विकला नाही. अकरावीला नातू आणि सून जाणारच. ताईही नरखेडला राहायला येणार नाही, तिनं ते स्पष्ट सांगितलं. पण निघताना मामांनी तिला विचारलं, रात्री फोनवर बोलणारा लहान मुलांचा डॉक्टर चार गावांनी मिळून ठरवला तर खर्च किती येईल? तिनं तिथल्या तिथं कागद घेतला. महिन्याचा आकडा त्यांच्या नेहमीच्या भंडाऱ्याच्या खर्चापेक्षा कमी निघाला. डॉक्टर सापडेल का, हे त्यांना दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आपल्या सुखवस्तू तालुक्याच्या गावांची नावं आपण अभिमानानं घेतो, आणि घर मात्र दुसरीकडे बांधतो. तुमचं गाव नरखेड असो, वरूड असो की सावनेर, येत्या वर्षी सौदा झाल्यावर प्लॉट घ्यायचा असेल तर जरूर घ्या. त्याआधी एकदा गावच्या शाळेच्या सभेला जाऊन या, मुलींना संध्याकाळी खेळायला मैदान किती वाजेपर्यंत उघडं आहे ते विचारा, आणि उत्तर लेखी मागा.